गुणोभाऊंची शिटी

आमच्या कॉलनीत जनावरे बघण्याचा सर्वांत जास्त नाद ज्या माणसाला आहे, त्याने आमच्या रानात आजवर एकही जनावर पाहिलेले नाही. पाहणार कसा? रानात शिरण्याआधी तो शिटी मारतो.

हे गुणाजी गावस, आमचे शेजारी. सगळे त्यांना गुणोभाऊ म्हणतात. डिचोलीच्या खाणीवर यंत्र चालवून ते निवृत्त झाले. रोज सकाळी साडेसहाला खाकी हाफ पँट, गमबूट, गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिटी आणि काखेत लांबोडकी वही अशा थाटात ते बाहेर पडतात. आमच्या कॉलनीच्या मागे खाणीच्या मातीचा जुना ढिगारा आहे. खाण बंद पडली, ढिगाऱ्यावर अकेशिया आणि काजू माजले आणि आम्ही त्यालाच कौतुकाने रान म्हणू लागलो. या रानाच्या तोंडाशी उभे राहून गुणोभाऊ तीन लांबलचक शिट्या मारतात, "हांव येता हां!" म्हणजे मी येतोय हं, अशी आरोळी ठोकतात, घड्याळ लावून पाच मिनिटे थांबतात आणि मगच आत जातात. तोवर मुंगसापासून मोरापर्यंत यच्चयावत रहिवासी पलीकडच्या उतारावर पसार झालेले असतात. नवे भाडेकरू मात्र कचऱ्याची बादली घेऊन धावत बाहेर येतात, कारण कचऱ्याची गाडीही अशीच शिटी मारते.

"गुणोभाऊ, शिटीमुळे जनावरं पळून जातात," मी एकदा समजावून सांगितले.

"पळूंकच जाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरांत तुमी अशेच रिगतात? बेल मारतात न्हय?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. पण हा युक्तिवाद कोणत्या धड्यात बसवावा ते मला कळेना.

स्वतःला काही दिसत नसल्यामुळे गुणोभाऊ दुसऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून असतात. कॉलनीत कुणाला काहीही दिसले की त्यांच्याकडे वर्दी द्यायची. मग ते चष्मा चढवून उलटतपासणी घेतात. "कितलें व्हड? शेपडी कशी? खंयच्यान खंय गेलें?" समाधान झाले की वहीत तारीख, जनावर, पाहणाऱ्याचे नाव आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे तीनच. 'खरें', म्हणजे खरेच. 'जायत', म्हणजे असेलही बापडे. आणि 'फट', म्हणजे शुद्ध थाप. वही मिटता मिटता सगळ्यांना एक प्रश्न ठरलेला असतो, "आनी साळिंदर? साळिंदर न्हय मूं?" नाही म्हटले की ते "बरें" म्हणतात आणि पेनाला टोपण लावतात. वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी साळिंदराची ओळ आखून ठेवली आहे. पुढचे रकाने वर्षानुवर्षे कोरे.

माझ्या बायकोच्या नावावर सहा 'खरें' आहेत. जेवताना ती त्यांचा सहज म्हणून उल्लेख करते. माझी घोरपड 'जायत', माझे भेकर 'जायत' आणि माझा बिबट्या...

बिबट्याचे जरा सविस्तर सांगायला हवे. एका संध्याकाळी कुंपणापाशी मी अंगावर ठिपके आणि लांब शेपटी असलेले जनावर पाहिले. कॉलनीचा सेक्रेटरी या नात्याने लगेच ग्रुपवर इशारा टाकला. लोकांनी दारे लावून घेतली, दोघांनी पणजीहून येणाऱ्या नातेवाइकांना परत पाठवले. तिसऱ्या दिवशी हा बिबट्या बेकरीच्या पायरीवर शिळा पाव खाताना सापडला. बेकरीचे फाटक रंगवताना त्या कुत्र्याच्या अंगावर काळा रंग उडाला होता. गुणोभाऊंनी वही माझ्यासमोर धरली. 'फट.' तेही लाल शाईने. मुलांच्या वह्यांवर आयुष्यभर लाल शेरे मारणाऱ्या माणसाने उतारवयात हे बघायचे!

गेल्या मे महिन्यात रानात नवरंग पक्षी आल्याची बातमी कशी कोण जाणे फुटली आणि पणजीहून तीन तरुण हातभर लांबीच्या लेन्स घेऊन आले. बिचारे पहाटेपासून काजूखाली डासांना रक्त पाजत मूर्तीसारखे बसले होते. अखेर नवरंग समोरच्या फांदीवर उतरला, त्यांनी श्वास रोखला आणि त्याच क्षणी कॉलनीच्या बाजूने तीन शिट्या झाल्या. "हांव येता हां!"

तिघे रडकुंडीला आले. "काका, काय केलंत हे!"

"तुमी न सांगतां चोरावरी बसल्यात," गुणोभाऊ त्यांच्यावरच उखडले. "तें काय बरें?" आणि वही उघडून त्यांनी विचारले, "नवरंग कितलो व्हड?"

या माणसाचे आता काहीतरी करायला हवे, असे मी तेव्हा मनात म्हटले. तेवढ्यात पार्किंगचा विषय निघाला. गाड्या वाढल्या होत्या, म्हणून रानाची पुढची पट्टी सपाट करायचे ठरले. गुणोभाऊ आकाशपाताळ एक करतील अशा हिशेबाने मी भाषण तयार करून सभेला गेलो होतो. त्यांनी विरोधच केला नाही.

"करात. पूण पयलीं शिटी हांव मारतलों," ते म्हणाले. "आनी उपरांत अर्दो तास मशीनाक हात लावचो न्हय."

ठरल्या दिवशी जेसीबी आला. गुणोभाऊ त्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्या मारत फिरले, एकेका झुडपापाशी वाकून "हांव येता हां" म्हणत. बेळगावकडचा ऑपरेटर चहा पीत मजा बघत होता. शेवटी एक मांजर बाहेर आले, तेही माझेच. सगळे हसले. गुणोभाऊ घाम पुसत माझ्याशेजारी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर येऊन बसले.

"एका मांजरासाठी अर्धा तास!" मी वैतागून म्हणालो.

त्यांनी ढिगाऱ्याकडे बोट दाखवले. "सर, हो धीग हांवेंच केला. शोवेल चलयतालों न्हय हांव?" शोवेल म्हणजे डोंगर उपसणारे ते अजस्र यंत्र. "सकाळचो पयलो बकेट मारचे आदीं फोरमन शिटी मारतालो, माणसांनी कुशीक जावचें म्हूण. त्या दिसाय मारली. माणसां कुशीक जालीं. हांवें बकेट मारलो. तांबडे मातयेंतल्यान साळिंदर आयली. मेल्ली. सकयल तिचें बीळ आशिल्लें. बिळांत दोन पिलां."



"माणसांक शिटी मारिल्ली," ते म्हणाले. "तिका शिटी कोण मारतलो?"

त्यांनी गळ्यातली शिटी उलटी करून पाहिली. त्याच फोरमनची होती ती. गुणोभाऊ निवृत्त झाले तेव्हा ती त्यांनी मागून घेतली होती. अर्धा तास झाला, तसे ते उठले आणि घरी निघून गेले. काम बघायला थांबले नाहीत. आपण या माणसाला इतकी वर्षे हसत आलो, याची मला फार लाज वाटली.

त्यानंतर तीन महिन्यांनी, श्रावण संपता संपता, मी पहाटे दूध आणायला निघालो होतो. चांगले फटफटले होते. काजूच्या बाजूने रस्ता ओलांडून काहीतरी ढिगाऱ्याकडे चालले होते. बुटके, पाठीवर काळे-पांढरे काटे, आणि चालताना त्या काट्यांचा खुळखुळ आवाज. मी दुधाची किटली तिथेच ठेवली आणि या वयात चपला हातात घेऊन धावलो.

गुणोभाऊ अंगणात दात घासत होते. माझे दोन शब्द ऐकताच चूळ भरून वही घेऊन आले.

"कितलें व्हड?"

मी हाताने दाखवले. काटे, आवाज, वाट, सगळे सांगितले. त्यांचे पेन थांबले. वहीतून मान वर न करता त्यांनी विचारले, "एकलेंच आशिल्लें?"

एकच होते. रस्ता मोकळा होता, उजेड होता आणि मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

"मागे पिल्लं होती," मी म्हणालो. "दोन."

गुणोभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या जास्वंदीकडे पाहू लागलो. मग त्यांनी वहीचे पहिले पान उघडले. त्या कोऱ्या ओळीत तारीख घातली, पुढे 'पिलां दोन' लिहिले आणि माझे नाव लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकून राहिले. नंतर त्यांनी सावकाश लिहिले, 'खरें'.

माझ्या नावापुढचा तो पहिला 'खरें'. बिबट्याच्या वेळी मी प्रामाणिकपणे चुकलो होतो. त्या वहीत मी जाणूनबुजून मारलेली एकुलती एक थाप ही.

त्यांनी शिटी गळ्यात घातली आणि रानाकडे निघाले. मीही मागोमाग गेलो. एरवी डिचोलीच्या बाजारात ऐकू जाणारी ती शिटी त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू आली.

"आज हळू?" मी विचारले.

"पिलां आसात न्हय," ते म्हणाले. "भियेतलीं."