ठकूआत्या आणि सोड्यात उकळलेले कोयते

तुमच्या घरी आलेल्या बाईने पाण्याचा तांब्या बाजूला सारून आधी विळी उचलली आणि हुंगली, तर तुम्ही काय कराल? आमच्या पाथर्डीकडच्या गावात आता कोणी काही करत नाही. ठकूआत्या दारात दिसल्या की सुना मुकाट्याने विळी पुढे करतात.

आत्या हुंगतात, पात्यावरून अंगठा फिरवतात आणि संशयाने बघतात. "काय पाजलंस गं हिला?"

"गंज चढला हुता, आत्या. रॉकेल चोळलं जरासं."

"जरासं! आता खा मेथीत रॉकेल. गंज राखेनं काढावा, वर करडीच्या तेलाचं बोट फिरवावं. विळी हाय ती, कंदील न्हाई."

एका लग्नात त्या भरल्या पंगतीतून उठल्या. कोशिंबिरीला दवाखान्याचा वास येतो म्हणे. आचारी देवाची शपथ घेऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळलं, नवरीच्या मामाने नवी सुरी चकचकीत दिसावी म्हणून ती स्पिरिटने पुसली होती. मुठीवरचं लाल रोगण सुटून काकडीला लागलं होतं. मामा अजून आत्यांना बघितलं की रस्ता बदलतो.

पण त्यांची खरी धास्ती धुण्याच्या सोड्याची. आमच्याकडे कोयत्याचं टोक मुठीच्या भोकात वितळलेली लाख ओतून बसवतात. सोड्याच्या उकळत्या पाण्यात ती लाख विरघळते आणि वरून मूठ मात्र शाबूत दिसते. उसाच्या फडात घाव घालताना पातं निसटलं तर ते शेजारच्या माणसाच्या पायात जातं. तुमच्या चहातली साखर अशा मुठींच्या भरवशावर येते. मी ऊसतोड्यांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो, त्यामुळे हे कडू बोलणं सवयीने आलं.

दुष्काळात ऊसच नव्हता, सगळं गाव खडी फोडत होतं. औंदा टोळी पुन्हा श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला निघाली. पडून राहिलेले कोयते जुन्या रसाने काळेकुट्ट झाले होते. मुकादमाने ते गोळा केले आणि पिंपात सोडा टाकून उकळले. निघायच्या सकाळी कोयते चांदीसारखे चमकत होते आणि मुकादम नवरदेवासारखा मिरवत होता.

आत्या पहिल्या गाडीच्या बैलांपुढे उभ्या राहिल्या. "आणा कोयते."

"म्हातारे, मुहूर्त टळतोय!" मुकादम ओरडला.

"मुहूर्त तुझा, पाय त्यांचं."

त्यांनी एकेक मूठ दोन गुडघ्यांत धरून पातं ओढायला सुरुवात केली. लोक हसत होते. मग एक पातं सपकन बाहेर आलं आणि हसणं थांबलं. मी गाडीच्या जूवर चढून भाषण सुरू केलं.

"तू खाली उतर आधी," आत्या म्हणाल्या, "बैलं बुजत्यात."

सैल निघालेले कोयते वेगळे बांधले गेले. वाटेत लोहाराकडून नवी लाख भरून घेईन, असं मुकादमाने चारचौघांत कबूल केलं. आत्या गाडीमागून गाडी तपासत शेवटच्या गाडीशी आल्या. तिथे सुंदरा बसली होती, त्यांची एकुलती लेक. आत्यांचं सगळं आयुष्य तोडीत गेलं. लेकीच्या हातात कोयता येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तिने लग्न केलं ते तोडकऱ्याशीच. तेव्हापासून मायलेकींत एक शब्द नव्हता.

आत्यांनी तिच्याकडे न बघता हात पुढे केला. सुंदराने कोयता दिला. बाकीच्यांचे कोयते त्यांनी एकदाच ओढले होते. हा पुन्हा ओढला, पुन्हा ओढला.

"आई, पक्का हाय गं."

आत्यांनी पदराच्या टोकाने पातं पुसलं, कोयता परत दिला. गाड्या हलल्या. सगळं गाव थांबवलं होतं ते कोणासाठी, ते मला तेव्हा कळलं.

पण सोडा प्यायलेली लाख आज धरते आणि चार दिवसांच्या घावांनी सुटते. हे आत्यांना ठाऊक आहे. गाव आता रिकामं आहे. त्या एस.टी.च्या थांब्यावर बसतात आणि तिकडून आलेल्याला विचारतात, "तिकडं थंडी कशी हाय?" लेकीचं नाव काढत नाहीत.

म्हणून मी तुम्हाला सांगतो. श्रीगोंद्याच्या बाजूने जात असाल तर उसाच्या फडापाशी थांबा. पाथर्डीकडची सुंदरा कोण, विचारा. तिचा कोयता मागून घ्या, मूठ जोरात ओढून बघा, आणि जे असेल ते थांब्यावर बसलेल्या त्या बाईला येऊन सांगा.