गुहागरचं उसनं हवामान

यंत्र बनवायला लागतं म्हणून कंपनीने अरविंद मिरजे यांच्या घरावरचं हवामान नोंदणीनंतर लगेच काढून नेलं होतं, आणि यंत्र अजून आलेलं नव्हतं.

मिरजे जयसिंगपूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. आपल्या गच्चीवर स्वतःचं हवामानयंत्र असावं, एवढीच त्यांची हौस. लोकवर्गणीतून घरगुती यंत्रं बनवणारी एक कंपनी निघाली आणि त्यांनी लगेच पैसे भरले. काही दिवसांनी कंपनीची दोन माणसं आली, गच्चीवर गेली आणि घरावरचं ऊन, वारा, पाऊस घडी घालून टेम्पोतून घेऊन गेली. प्रत्येक यंत्र त्या त्या घराच्या हवामानाशी जुळवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. मिरज्यांना ते शास्त्रशुद्ध वाटलं.

तेव्हापासून घरावर काहीच नव्हतं. शेजारच्या नाईकवाड्यांकडचा पाऊस कुंपणापर्यंत येऊन थांबे. मिरज्यांच्या अंगणात नुसता उजेड होई, मग अंधार. धुतलेले कपडे वाळत नसत आणि कुबटही होत नसत, ओले राहत. कढीपत्ता मेला नव्हता, पण त्याला नवं पान फुटत नव्हतं.

कंपनीकडून अधूनमधून ईमेल येई. कधी साचा चुकलेला असे, कधी सुटे भाग बंदरात अडकलेले, कधी खोकी लहान झालेली. शेवटी संयमाबद्दल आभार असत. मिरजे ते बायकोला वाचून दाखवत.

एका सकाळी विजयाबाईंनी बॅग भरली.

"मी कोल्हापूरला ताईकडे जाते," त्या म्हणाल्या. "भांडून नाही जात. मला जरा उकडायला हवंय."

मिरज्यांनी कंपनीला फोन लावला. पाटणकर नावाच्या बाईंनी उचलला.

"सर, आपलं हवामान सुरक्षित आहे. गोदामात आहे."

"मग तेवढं परत पाठवा. यंत्र सावकाश येऊ दे."

"दोन्ही एकाच खोक्यात जातात, सर. वेगळं करता येत नाही." पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "एक नोंदणी रद्द झालीय. ग्राहक वारले. ते सुटं देता येईल, तात्पुरतं. गुहागरचं आहे."

मिरज्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "गुहागरचं चालेल का गं?"

"केस चिकट होतील," विजयाबाई म्हणाल्या. मग त्यांनी बॅग खाली ठेवली. "येऊ दे."

ते आलं. दुपारी घामाने जीव नकोसा होई. विजयाबाई पदराने वारा घेत पायरीवर बसत आणि बऱ्या दिसत. फाटक गंजू लागलं, तेव्हा मिरज्यांनी त्याला रंग दिला.

मग एके दिवशी दारात एक साठीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"मी शेवंती भाटकर. गुहागरहून आले. आमच्या घरावरचं तुम्हाला दिलंय, असं कंपनी म्हणाली."

मिरजे ओशाळले. "न्यायला आलात?"

"नेणार कसं? एसटीत घेत नाहीत." त्यांनी चपला काढल्या. "नोंदणी ह्यांनी केली होती. आता हे नाहीत, आणि घरावरही काही नाही. थोडा वेळ बसले तर चालेल का?"

विजयाबाईंनी गच्चीवर सतरंजी टाकली, चहा आणला. भाटकरबाई पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. तिकडे ऊस होता, क्षितिजापर्यंत.

"आता पालटेल," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने वारा पालटला. डोक्यावरचा पदर उडाला, तो त्यांनी सावरला नाही. डोळे मिटून बसून राहिल्या. मिरजे जिन्यातच थांबले.

बऱ्याच वेळाने विजयाबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे लाटांचा आवाज येत असेल ना? इथे नाही येत. नुसता वाराच दिला त्यांनी."

"लाटा तिकडेच राहिल्या," भाटकरबाई म्हणाल्या. "वारा नसताना येतात. काय करतील."

विजयाबाई रात्रीच्या भातात एका माणसाचे तांदूळ वाढवायला खाली गेल्या.