पाचवा भाग आणि सॉनाची वरची फळी

आजोळी जाताना लेकीनं, केर्तूनं, बापाला, ताउनोला, बजावलं होतं, "बाबा, पाचवा भाग आधी मी वाचणार. तू हातसुद्धा लावायचा नाहीस."

इल्वारा नावाच्या तलवारबहाद्दर पोरीची ही कादंबरीमाला. 'पोरीसोरींची पुस्तकं' म्हणून नाक मुरडणाऱ्या ताउनोनं चार भाग पंधरा दिवसांत फस्त केले होते (त्यातले दोन ऑफिसात पोटदुखीची थाप मारून!). चौथ्याच्या शेवटी इल्वारा कड्यावरून कोसळत होती. माणसानं धीर धरावा तरी किती?

शनिवारी त्यानं 'फक्त दोन पानं' वाचायचं ठरवलं. बायको ऐलाच्या नजरेआडची जागा एकच, अंगणातली सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. ताउनो वरच्या फळीवर बसला, तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं आणि दोन पानांची चाळीस झाली. इल्वारा अजून कोसळतच होती. तेवढ्यात पुस्तकाच्या पाठीचा गोंद वितळला आणि सगळी पानं फळीभर सांडली.

टॉवेल गुंडाळून तो बाहेर पायरीवर पानं लावत बसला. सगळी जुळली, शेवटचं सोडून. पोरगी आता जन्मात विश्वास ठेवणार नव्हती. आणि उद्या येणारी केर्तू आजच सायकलवरून फाटकात शिरली.

"बाबा! हे काय?"

"चुकलो गं. शेवटचं पान हरवलं. देशील ती शिक्षा..."

"सॉनात पुस्तक? अरे, शेंबड्या पोरालाही कळतं ते!"

आरडाओरडा ऐकून ऐला आली. "हरवलं कुठं? याच्या पाठीला चिकटलंय." तिनं वाकून पाठ वाचली आणि उसासा टाकला. "बिचारी!"

"बिचारी म्हणजे? मेली?" ताउनो गर्रकन वळला.

"आई, एक अक्षर बोलू नकोस!" केर्तूनं कान झाकले.

ऐलानं पान अलगद सोलून काढलं. अक्षरही पुसलं नव्हतं! ताउनोच्या जिवात जीव आला. केर्तूलाही हसू फुटलं. पुस्तक सुटंच झालं होतं, मग आपलं वाचून झालेलं पान बापाला द्यायला काय हरकत? तीन दिवस दोघं सोफ्यावर खेटून वाचत होते. "दे ना लवकर," ताउनो म्हणायचा. "बिचारी," ऐला येताजाता म्हणायची.

मंगळवारी शेवटचं पान हाती आलं. इल्वारा जिवंत होती, चांगली धडधाकट होती. ताउनोला केवढं हायसं वाटलं! मग त्यानं पान पुन्हा नीट वाचलं.

तिनं लग्न केलं होतं, बाकी काही नाही.