खांबाआडचा सामना

व्हॉलीबॉलच्या खांबावर डोकं आपटून नऊ दिवस झाले, तेव्हा मधुकररावांनी स्वतःला बरं जाहीर केलं. रविवारी शिक्षक विरुद्ध पालक व्हॉलीबॉल सामना होता आणि ते कप्तान होते.

बेसा गावातल्या शाळेत ते खेळाचे शिक्षक. डोक्याला मार लागला तर आधी चालणं, मग पळणं, मग हलका सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सामना. डोकं दुखलं की एक पायरी मागे. हा तक्ता त्यांनीच मैदानाच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. त्याच तक्त्यापायी, डोक्याला मार लागलेल्या नववीतल्या सोनिकाचा कबड्डीचा अंतिम सामना कडुनिंबाखालच्या बाकावर रडण्यात गेला होता.

मधुकररावांचं डोकं अजून दुखत होतं. जिना चढला की हमखास.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी सोनिकाला बाजूला घेतलं. "काय वं, डॉक्टरबाईंनी तुले कोणते शब्द ध्यानात ठेवायले सांगितले होते?"

"काहून, सर?"

"असंच. माहिती म्हणून."

सोनिकानं हाताची बोटं मोजायला पुढे केली. मग म्हणाली, "संत्रं, बादली, घुबड, चटई, रेल्वे."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर दीप्तींनी विचारलं, "डोकेदुखी?"

"अजिबात नाही."

"छान. आता मी पाच शब्द वाचते, ते..."

"संत्रं, बादली, घुबड, चटई, रेल्वे!"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "मी अजून वाचले नाहीत, सर. आणि ही यादी सोनिकाची. तुम्हीच आणलं होतं तिला. त्या दिवशी तिला दोनच आठवले. 'बाकीचे आठवून नाही राहिले' म्हणाली, सरळ. जाताना उरलेले तीन विचारून घेतले."

मधुकरराव फरशीकडे पाहत म्हणाले, "जिना चढलो की दुखते."

रविवारी ते मैदानाच्या कडेला गुण लिहायला बसले. पालकांनी पहिला गुण घेतला आणि मागून कोणीतरी ढोल बडवला. सोनिका जवळ आली.

"सर, डोकं दुखून राहिलं का?"

समोरच्या भिंतीवर तक्ता होता. खाली त्यांचंच नाव होतं.

"थोडंसं."

"मंग एक पायरी मागं." तिनं गुणांची वही त्यांच्या हातातून घेतली आणि कडुनिंबाकडे बोट दाखवलं.

ते जाऊन बाकावर बसले. नेमका मधे तो खांब येत होता.

"अवं, इथून तं काहीच दिसत नाही!"

"मले मालूम आहे, सर," सोनिका वहीतून मान वर न काढता म्हणाली.