न मोडलेल्या पान्यांची हकीकत

श्रीयंत्रेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी राज्याचे गाडीखान्यात हत्यारांची पूजा जाहली आणि तेथूनच पुढील अनर्थ उद्भवला, ती हकीकत ऐसी जे: गाडीखान्याचे मिस्त्री दारकोजी लोहोकरे. त्यांस हुजुरांची आज्ञा होती की, रॅचेटचा पाना, जो उलट फिरविता कटकट करितो आणि सुलट फिरविता बोल्ट धरितो, तो रोजचे कामास टिकेल ऐसा निवडावा, मग सर्व राज्यात तोच चालेल. नमुने दोन. एक गावचे कासम लोहाराचा काळा, दुसरा परमुलखाचा चकचकीत. दारकोजींनी दोन्ही त्या नवमीपूर्वी वर्षभर कारागिरांचे हाती दिले. परमुलखाचा पाना जोर लाविता दात सोडी आणि बोटांची सालटी लोखंडावर राही, म्हणोन त्यास कोणी शिवेना, आणि ते पाने फळीवर निजोन राहिले. कासमचे पाने मात्र सकाळपासोन दिवेलागणीपर्यंत राबले, मग काही झिजले आणि काही मोडले, ते रीतीप्रमाणेच होते.

नवमीस, पूजा आटोपताच, दिवाण विसाजीपंत मोजदादीस आले. गृहस्थ लाच न खाणारे. खाते तर कासमनेही काही चारिले असते. त्यांनी मोडके पाने एकीकडे मांडविले आणि पुसिले, "दारकोजी, हे सारे एकाच लोहाराचे?" "जी. ते वापरात होते, पंत." "आणि दुसरे? त्यांतला एकही मोडला नाही?" "त्यांस कोणी हातच लावीत नाही." पंत हासोन बोलिले, "म्हणजे चांगली वस्तू जपोन ठेविता. घरी बायकोचे दागिन्यांसही हीच तऱ्हा असेल." कारकून हासले. दारकोजी बोलिले, "आपण स्वहस्ते एक बोल्ट आवळोन पहावा." पंत बोलिले, "मग मोजदाद कोण करील?"

आणि हुकूम जाहला की, परमुलखाचा पाना टिकाऊ, कासमचे सारे भंगारात टाकावे, आणि गाडीखान्यात दुसरा पाना सापडेल तो जप्त व बाळगणारा बडतर्फ. मग कारागिरांनी भंगारवाल्याकडोन तेच काळे पाने सोडवोन आणिले आणि डब्याचे पिशवीत, सदऱ्याआड दडविले. कारागिरांतला बाळोजी म्हणाला, "मिस्त्री, जरा डोळे मिटा." दारकोजी बोलिले, "मिटलेलेच आहेत. त्यावाचोन येथे नोकरी होते काय?"

पुढील वर्षीचे नवमीस खासे हुजूर आले. परमुलखाचे पाने ओळीने मांडिले होते, नवरीसारखे लखलखीत. हुजुरांनी पुसिले, "मिस्त्री, खरे सांगा, टिकले की नाही?" दारकोजींनी बाळोजीकडे पाहिले. त्याचा सदरा कमरेशी फुगला होता. खरे बोलावे तर मग काम कशाने चालते ऐसे पुसतील, झडती होईल, पाने जातील आणि माणसे घरी बसतील. मग दारकोजी हात जोडोन बोलिले, "टिकले, महाराज. एकही मोडला नाही." हुजूर बहुत प्रसन्न जाहले, दारकोजींस शाल दिधली आणि परमुलखास दुप्पट मागणी पाठविली. हुकूम फिरेल म्हणोन कासमने वर्षभर वाट पाहिली होती. हे ऐकोन त्याने भट्टी विझविली आणि जावयाचे गावी खिडक्यांचे गज करावयास गेला. सायंकाळी बाळोजी पुसता जाहला, "मिस्त्री, आता आमचे हे झिजले म्हणजे नवे कोठोन आणावे?" दारकोजी शालीची घडी घालीत होते, ती घालीतच राहिले.

येणेप्रमाणे राज्यात टिकाऊ पाना निवडिला गेला. जो राबला तो मोडला, जो मोडला तो दोषी ठरला. शाल दारकोजींचे घरी आहे. अंगावर कधी घेतली नाही, सबब अद्याप नवी आहे. इतकेच वर्तमान.