चुकायची सोय

मेश्राम सरांनी एकदा स्वल्पविरामासाठी रजा काढली होती. रजेचं कारण विचारलं की लोक 'घरगुती' म्हणतात, 'तब्येत' म्हणतात आणि महाबळेश्वरला जातात. सरांनी 'स्वल्पविराम' असं लिहून दिलं. एचआरची मुलगी घाबऱ्याघाबऱ्या माझ्याकडे आली. "मॅडम, हा संसर्गजन्य असतो का हो?"

माझ्याकडे यायचं कारण, आमच्या बाणेरच्या कंपनीत मी मॅन्युअलं लिहिते. माझा जन्म नारायण पेठेतला. कुणाचं कौतुक करायची वेळ आली की आमच्या घराण्यात एकदम खोकला येतो. पण मेश्राम सरांच्या बाबतीत मी बिनशर्त शरण आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचं काम काय, ते सांगायला हवं. हल्ली कंपन्या मोठमोठे कॉम्प्युटर विकत घेत नाहीत, क्लाऊडवर भाड्याने घेतात. कुठली यंत्रं हवीत, किती हवीत, आधी काय सुरू करायचं, हे सगळं एका फाईलीत लिहून द्यायचं. आमचं सॉफ्टवेअर ती फाईल वाचतं आणि सगळं उभं करतं. लग्नात आचाऱ्याला यादी देतात, तसंच. फरक एवढाच, की 'जिलबी चारशे किलो' असं वाचल्यावर आचारी एकदा तरी मान वर करून बघतो. सॉफ्टवेअर बघत नाही, तळायलाच घेतं. तर ही फाईल कुठल्या शब्दांत लिहायची, कुठलं चिन्ह कुठे द्यायचं, म्हणजे त्या फाईलीची भाषाच, मेश्राम सर घडवतात.

सर नागपूरकडचे. पन्नाशी ओलांडलेले. आमच्याकडे मालकालाही अरे-तुरे चालतं, पण यांना सगळे 'सर' म्हणतात. ते कुणी ठरवलेलं नाही.

इतर ठिकाणी अशा फाईलीत ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली, यावर अर्थ बदलतो. एक जागा कमी पडली की सगळं कोसळतं. सरांना हे अजिबात मान्य नाही. "जे डोळ्याले दिसत नाही, त्याच्यासाठी माणसाले शिक्षा काहून?" असं ते विचारतात. आणि खरोखर उत्तराची वाट बघत उभे राहतात.

त्या स्वल्पविरामाचंही तेच. यादीतल्या शेवटच्या नावानंतर तो द्यावा की देऊ नये? लोक खाली नवीन नाव वाढवतात, आधीच्या नावानंतर चिन्ह द्यायचं राहतं आणि फाईल अडते. रजेवर गेलेले सर बुधवार पेठेत वायरींच्या एका दुकानाबाहेर उभे राहून, यातलं काही ठाऊक नसलेला माणूस कुठे अडखळतो ते बघायला दुकानदाराला फाईल वाचून दाखवत होते. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काही घेणार आहात, की इथे फक्त वाचन आहे?" सरांनी थोडी वायर घेतली आणि पुढे वाचलं. शेवटी निर्णय झाला, शेवटचा स्वल्पविराम दिला तरी चालेल, न दिला तरी चालेल. ऐकायला किती साधं! पण तेव्हापासून त्या एका चुकीसाठी कुणाचाही फोन आलेला नाही. मी मॅन्युअलमधला तो धडाच काढून टाकला. असे बरेच धडे काढलेत मी. हा माणूस एक दिवस माझी नोकरी खाणार, आणि मी ती आनंदाने वाढून देणार.

सरांना चुका करणारी माणसं मनापासून आवडतात. नवीन कुणी आलं की त्याच्या पाठीमागे खुर्ची घेऊन बसतात. तो बिचारा घामाघूम होतो आणि चुकतो. सर टाळी देतात. "वा रे पठ्ठ्या! हे तर आमच्या ध्यानातच नव्हतं." मग त्याला कँटीनमध्ये पोहे खाऊ घालतात, 'पुण्याच्या पोह्यांत दम नाही' असं ऐकवतात आणि वर येऊन भाषा दुरुस्त करतात. माणूस दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाहीत.

सायलीच्या वेळी मात्र टाळी वाजली नाही.

सायली साताऱ्याची, नवी, अजून प्रोबेशनवर असलेली. एका ग्राहकाचं एक जुनं यंत्र काढून टाकायचं होतं. तिने 'काढून टाक' असं लिहिलं, यंत्राचं नाव विचारून मग भरू म्हणून जागा रिकामी ठेवली आणि फोन आला त्या गडबडीत फाईल तशीच चालवली. आमच्या भाषेत रिकाम्या जागेचा अर्थ 'सगळी' असा होता. ग्राहकाची सगळी यंत्रं गेली. तिकिटं विकणारी त्यांची सेवा दुपारभर बंद पडली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मॅनेजर म्हणाले, "आपण इथे चहाला जमलेलो नाही. चूक कोणाची, ते नाव सांगा." सायली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. नाव लिहिलं गेलं की तिची नोकरी गेली, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"लिहा," सर म्हणाले. "मेश्राम."

"फाईल तुम्ही लिहिलीत?"

"त्या जागी तिनं तर काही लिहिलंच नाही ना जी. न लिहिल्याचा अर्थ 'सगळं' असा मी ठरवला. सुरुवातीले सोपं जावं म्हणून ठरवला. त्या पोरीनं फक्त जागा सोडली, खड्डा माझा आहे."

मॅनेजरांनी तीन वेळा विचारलं, सरांनी तीन वेळा तेच सांगितलं. सायली राहिली. भाषेबाबत शेवटचा शब्द सरांचा असायचा, तो मात्र एका समितीकडे गेला. सरांनी त्या समितीपुढे एकच मागणी ठेवली, रिकाम्या जागेचा अर्थ 'काहीच नाही' असा करा. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. खोकला आला, म्हणून राहिलं.

नोकरी वाचली, पण सायलीचा हात गेला. फाईल लिहायची, दहादा तपासायची आणि एंटर दाबायला दुसऱ्याला बोलवायची. "तुम्ही दाबाल का प्लीज?" आठवडे गेले तरी तेच. असं किती दिवस चालवून घेणार कुणी? मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागले. मग सर आम्हा दोघींना म्हणाले, "रविवारी धायरीले घरी या. चहा घ्या."

घरात सर आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातले दादा. नमस्काराला हसले. दाराजवळच्या बोर्डावर दिव्याच्या बटणाला लाल टिकली चिकटवलेली, पंख्याच्या बटणाला दोरा गुंडाळलेला. मी हसत सरांच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "घरीसुद्धा सोडत नाही का हो तुम्ही?"

सर चहात साखर टाकत म्हणाले, "दादा कारखान्यात होता. दोन खटके शेजारी-शेजारी, एकासारखा एक. एकानं पट्टा थांबे, एकानं सुरू होय. खाली माणूस काम करून राहिला होता. दादा थांबवाले गेला आणि दुसरा दाबला." त्यांनी गॅस बारीक केला. "त्या माणसाचा हात गेला. चौकशीत लिहिलं, ऑपरेटरची चूक. खटक्यांचं नाव कोणी काढलं नाही. तवापासून दादा बटण दाबत नाही, मी खुणा केल्या तरी. मले यायले उशीर झाला, तर अंधारात बसून राहते."

बाहेर दिवेलागण झाली होती. मी दारात येऊन उभी राहिले.

खोलीत अंधारून आलं होतं. आतलं बोलणं सायलीलाही ऐकू गेलं असावं. सायली म्हणाली, "काका, दिवा लावायचा?"

"प्रभ्या लावते," दादा म्हणाले. प्रभ्या म्हणजे आमचे सर.

"मलाही भीती वाटते. माझ्या हातून एकदा सगळं उडालं."

"कोणाले लागलं का?"

"नाही. लोकांची तिकिटं अडकली."

"मंग बरं आहे, बाई."

सायली उठून बोर्डाजवळ गेली. "या ना काका. चुकलं तर काय होईल? फार तर पंखा लागेल."

एंटर दाबायला माणसं बोलावणारी ही पोर. दादा खुर्चीला धरून उठले. बोट बोर्डाकडे गेलं आणि पंखा लागला.

दादांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज थांबला.

सायलीने वर बघितलं. "बरं झालं, काका. मघापासून उकडतंय."

दादा पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता दिवा?"

"आता दिवा."

खोलीत उजेड पडला. माझ्या शेजारी सर ट्रे घेऊन उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला हात मोकळे नव्हते.

"तुम्ही चहा घ्या जी, मी आलोच," असं म्हणाले आणि कपांनी भरलेला ट्रे तसाच घेऊन परत आत गेले.