वरवंडला घेतलेलं डिक्टेशन

मंडळी, मिनिटाला शंभर शब्द लिहिणारा माणूस आमच्या केंदुरात एकच, तो म्हणजे मी! शिरूरला क्लास लावून शीघ्रलिपी शिकत होतो, तेव्हा लोक म्हणायचे, सत्यजीत कोंबडीचे पाय काढतोय. आता दौंडच्या कोर्टात लघुलेखक म्हणून निवड झाली, तर तेच लोक स्थळं घेऊन दारात उभे!

त्यातलं वरवंडचं स्थळ मला मनापासून हवं होतं. अपेक्षाचा फोटो पाहिल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. मागच्या रविवारी वडील, सर्जेमामा आणि मी तिला बघायला गेलो.

पोहे यायच्या आतच अपेक्षाच्या वडिलांनी, सोपानरावांनी, पगार विचारला. मी तोंड उघडेपर्यंत मामांनी साठ हजार सांगून टाकले. वर कोर्टात लिहितालिहिताच माणूस जज होतो, असंही ठोकून दिलं! मी पंख्याकडे बघत बसलो.

सोपानराव पक्के निघाले. म्हणाले, "ते समदं खरं. पर आता बोललेलं मोबाइलच लिहितोय. मंग तुमची नोकरी किती दिस टिकायची?"

प्रश्न वर्मी लागला! मी पिशवीतून वही-पेन्सिल काढली. म्हटलं, तुमचा मोबाइल ठेवा इथं, दहा मिनिटं सगळ्यांनी मनमोकळं बोला, बघू कोण जिंकतंय.

बोला म्हणून आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. ऊस, रस्ता, पाव्हण्यांचे पाव्हणे, वडील, मामा, सोपानराव आणि अपेक्षाची आई, चौघं एकाच वेळी सुरू झाले. मोबाइलनं तिसऱ्या मिनिटाला मान टाकली. माझी पेन्सिल मात्र सुसाट! मध्येच अपेक्षा चहा घेऊन आली, आईच्या कानात काहीतरी बोलली आणि आत गेली.

मग मी ऐटीत उभा राहून वाचायला लागलो. आता डिक्टेशनची एक गंमत असते. कान ऐकतात, हात लिहितो, डोकं रजेवर असतं. त्यामुळे आपण काय वाचतोय, हे मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

"सर्जेराव, हळू आवाजात: दाजी, हातात चाळीसच येणार हायेत, पर तुम्ही मान हलवा. सोपानराव, बायकोला: पोरगं दिसायला बेताचंच हाय, पर सरकारी हाय."

मामा चपला शोधायला लागले. सोपानराव आधी लालेलाल झाले आणि मग एकदम खदाखदा हसत सुटले.

"जो सख्ख्या मामाला सोडत न्हाई, तो माझ्या पोरीला काय फसवणार? आन् मोबाइललाबी हे जमलं न्हाई. मला पसंत हाय."

मी हवेत! तेवढ्यात दारातून अपेक्षा म्हणाली, "चहा देताना मी आईला काय म्हणले, तेबी वाचा की."

मी वही उलटीपालटी केली. तिथं अर्धं पान कोरं! खरं सांगतो, त्या वेळी मी तिच्याकडेच बघत होतो. लिहायचं राहूनच गेलं.

"मुलगा आवडला, असं म्हणले होते," ती म्हणाली. "आता जरा विचार करून सांगते."

परीक्षेत थोड्याफार चुका माफ असतात हो! आठ दिवस झाले, फोन उशाशी घेऊन बसलोय. वरवंडचा निकाल अजून लागलेला नाही.